जुनी शिडाची बोट घेताना: आधी जागा, मग बोट

मावसभावाचा इंग्लंडमधल्या रेडिंगहून फोन आला तेव्हा त्याला आनंदानं धड बोलताही येत नव्हतं. "ताई, साडेतीन हजार पौंडांत शिडाची बोट मिळतेय! सव्वीस फुटी. आत चार जण झोपतात, इंजिन आहे, चूल आहे. उद्या बयाणा देऊन टाकू का?"

मी त्याला एवढंच विचारलं, "बांधणार कुठे?"

तो गप्प झाला. त्यानं बोटीचे चाळीस फोटो पाहिले होते, शिडांचा रंगसुद्धा त्याला पाठ होता. पण बोट उभी कुठे राहणार, हा प्रश्न त्याला पडलेलाच नव्हता. पुढचे तीन रविवार मी त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथं क्रमानं लिहिते. मी साउदॅम्प्टनला राहते, आणि आमची आताची बोट दुसरी आहे. पहिली आम्ही मालकाच्या तोंडी भरवशावर, तज्ज्ञाला न दाखवता घेतली होती. दीड वर्षात किमतीच्या अडीच पट पैसे तिच्यात घातले आणि अकरा दिवस पाण्यात फिरलो. ते पैसे कुणा मराठी घराचे पुन्हा जाऊ नयेत, म्हणून हा खटाटोप.

इतकी स्वस्त का?

इंग्लंडमध्ये १९६० ते १९८० च्या दशकांत फायबरग्लासच्या छोट्या शिडाच्या बोटी हजारोंनी बांधल्या गेल्या. लाकूड कुजतं, फायबरग्लास कुजत नाही, त्यामुळे त्यातल्या पुष्कळशा आजही पाण्यावर आहेत. त्यांचे मालक मात्र म्हातारे झाले. गुडघे दुखतात, मुलांना आवड नाही, आणि बोट बांधायच्या जागेचं भाडं दर वर्षी येतच राहतं. म्हणून माणूस मिळेल त्या किमतीला बोट देऊन मोकळा होतो. तुम्हाला स्वस्त मिळते आहे, कारण तो ज्या खर्चातून सुटू पाहतो आहे तो तुमच्या खांद्यावर येतो आहे. तिला वर्षभर सांभाळायचा खर्च आणि तुमचा मोकळा वेळ या दोन गोष्टींवर निर्णय घ्यायचा असतो. वर्षानुवर्षांच्या हिशेबात विकत घेण्याची किंमत हा लहान आकडा.

पहिली पायरी: बांधायची जागा ठरवा

मी ज्या पाण्यात फिरते त्याचंच उदाहरण घेते. इंग्लंडचा दक्षिण किनारा आणि आइल ऑफ वाइट बेट यांच्या मधल्या पट्ट्याला सोलेंट म्हणतात. इथं बोट ठेवायचे साधारण तीन प्रकार आहेत.

पहिला म्हणजे मरिना. तरंगता धक्का, नळ, वीज, गाडी जवळ. मी चौकशी केली तेव्हा आठ मीटरच्या बोटीला वर्षाला साडेचार-पाच हजार पौंड आणि त्याहून वरचे आकडे ऐकले. म्हणजे मावसभावाच्या बोटीच्या पूर्ण किमतीपेक्षा पहिल्याच वर्षाचं भाडं जास्त. दुसरा, नदीच्या किंवा खाडीच्या मधोमध साखळीनं तळाशी बांधलेला तरंगता बोया, त्याला बोट अडकवायची. भाडं कमी, पण बोटीपर्यंत जायला छोटी डिंगी वल्हवत न्यावी लागते. जुलैत ते छान वाटतं. ऑक्टोबरच्या संध्याकाळी लहान मुलं, किराणा आणि ओले बूट घेऊन एकदा करून पाहा, मग ठरवा.

तिसरा प्रकार मला सर्वांत आवडतो: ओहोटीला कोरडी पडणारी जागा. साउदॅम्प्टनला उधाणाच्या दिवसांत पाणी चारेक मीटर वर-खाली होतं. पाणी उतरलं की बोट चिखलावर बसते, चढलं की उठते. वेंगुर्ल्याच्या बंदरात लहानपणी आम्ही ओहोटीला चिखलात कलंडलेल्या होड्या रोज पाहायचो, तसंच. ही जागा मरिनाच्या तुलनेत फार स्वस्त पडते. अडचण दोन गोष्टींची. बोट चिखलात सरळ उभी राहील अशी हवी, आणि तुमचं निघणं-परतणं भरतीच्या वेळेला बांधलेलं राहतं. शनिवारी सकाळी सातला भरती असेल तर सहाला तिथं हजर. नाही जमलं तर संध्याकाळच्या पाण्याची वाट पाहा.

भाडं मीटरवर असतं. बोट तीन हजारांची असो की तीस हजारांची, लांबी सारखी तर भाडं सारखं. त्यामुळे "किमतीच्या दहा टक्के वर्षाचा खर्च" हा जो ठोकताळा लोक सांगतात, तो जुन्या स्वस्त बोटीला लागू करू नका. जागेसाठी काही बंदरांत प्रतीक्षायादी असते. आधी नाव नोंदवा, जागेचं पत्र हातात येऊ द्या, मग बोट शोधा.

दुसरी पायरी: शनिवार मोजा

इथला मोसम एप्रिल ते ऑक्टोबर. कॅलेंडर उघडा आणि शनिवार-रविवारांवर खुणा करा. गणपतीचं मंडळ, मुलांचे क्लास, भारताची वारी, नात्यातली लग्नं, आणि वारा इतका की जाणकारही धक्क्यावरच थांबतात असे दिवस. सगळं वजा करून काय उरतं ते लिहा. दहा-बाराच्या खाली आकडा आला तर बोट घेऊ नका. क्लबच्या बोटीवर जा, आठवडाभर भाड्यानं घ्या, किंवा कुणाच्या तरी बोटीवर खलाशी म्हणून जा. इथं प्रत्येक बंदरात असे मालक आहेत ज्यांना दोन जास्तीचे हात हवे असतात, आणि ते आनंदानं शिकवतात. मी पहिलं वर्ष असंच काढलं आणि आजही त्या वर्षाच्या शिदोरीवर चालते.

शिक्षणाचं आणखी एक. खासगी हौशी बोट समुद्रात चालवायला ब्रिटनमध्ये परवान्याची सक्ती नाही. उद्या बोट घेतलीत तर परवा समुद्रात नेऊ शकता, कायदा अडवणार नाही. म्हणूनच स्वतःला आपणच अडवायचं. रॉयल यॉटिंग असोसिएशनचा पाच दिवसांचा 'कॉम्पिटंट क्रू' आणि मग 'डे स्किपर' हे दोन अभ्यासक्रम बोट घेण्याच्या आधी करा. घरातल्या दोघांनी करा. एकच जण शिकला आणि तोच पाण्यात पडला, तर बोट वळवून आणणार कोण? रेडिओ वापरायचा तर त्याचं प्रमाणपत्र मात्र लागतंच.

तिसरी पायरी: लांबी

बाजारात गेलात की बत्तीस फुटी बोटही फार महाग वाटत नाही. सहाच फुटांचा तर फरक, असं मन म्हणतं. पण बोट लांबीबरोबर रुंद होते, खोलही होते. सव्वीसचा घन १७,५७६, बत्तीसचा ३२,७६८. म्हणजे ढोबळमानानं बोट जवळपास दुप्पट होते. शिडं मोठी, तारा जाड, नांगर जड, इंजिन मोठं, तळाला रंग जास्त. प्रत्येक गोष्टीचं बिल त्या मापानं येतं.

मोठी बोट वेगानं जाते हे खरं. पाणी कापणाऱ्या बोटीचा वेग तिच्या पाण्यालगतच्या लांबीवर ठरतो: ही लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, ढोबळ कमाल वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मिळतो. एकवीस फुटांना सहा नॉटच्या थोडं वर. प्रत्यक्षात दिवसाची सरासरी साडेचार ते पाच धरा. सोलेंटच्या पश्चिम टोकापासून फ्रान्सचं शेरबुर्ग साधारण साठ सागरी मैल, म्हणजे बारा-तेरा तास. पहाटे निघालात तर अंधार पडायच्या आत पोचता. दोन माणसांना, एखाद्या मुलाला घेऊन, एवढं पुष्कळ आहे.

माझी शिफारस सांगते. वेस्टर्ली सेंटॉर. सव्वीस फुटी, लॉरेंट जाइल्स या संस्थेनं आरेखन केलेली, १९६९ ते १९८० या काळात दोन हजार चारशेच्या वर बांधली गेली. पाण्यात जेमतेम तीन फूट बुडते आणि खाली एकाऐवजी दोन कील आहेत. कोकणातले सुतार ज्याला पठाण म्हणतात, तो बोटीचा कणा इथं दोन पायांसारखा खाली उतरतो, त्यामुळे ओहोटीला ती चिखलावर दोन पायांवर उभी राहते. वाऱ्याच्या तोंडावर चढायला ती जरा आळशी, पण आत उभं राहता येतं, आणि तिचे दुखणे-खुपणे सगळ्यांना माहीत आहेत. जुन्या बोटीच्या बाबतीत हा शेवटचा गुण मी सर्वांत वर धरते. शेकड्यांनी बांधलेल्या बोटीचा आजार आधी कुणाला तरी झालेला असतो आणि त्याचा उपायही सापडलेला असतो.

चौथी पायरी: वही उघडा

माझी गेल्या वर्षीची वही अशी: कोरडी पडणारी जागा ९५० पौंड, विमा १७०, बोट बाहेर काढून तळ घासून रंगवणं ५२०, इंजिनची देखभाल १४०, आणि दोर, कप्प्या, पंप, एक बॅटरी अशा किरकोळीचे ६४०. एकूण २,४२०. आम्ही बावीस दिवस पाण्यात होतो, म्हणजे दिवसाला ११० पौंड. तळ मी आणि नवरा स्वतः घासतो. माणूस लावला असता तर आकडा बराच वर गेला असता.

यात मोठं काही मोडलेलं नाही. म्हणून नियम असा ठेवा: बोटीला जेवढे पैसे देणार तेवढेच आणखी बाजूला असतील तरच घ्या. साडेतीन हजारांची बोट म्हणजे सात हजारांची तयारी. इंजिन गेलं तर तेही पुरणार नाहीत. नवं छोटं डिझेल इंजिन बसवण्यासकट अशा बोटीच्या किमतीपेक्षा सहज महाग पडतं.

पाचवी पायरी: पहिली भेट, शक्यतो पावसात

उन्हात कुठलीही बोट सुंदर दिसते. पाऊस पडत असेल त्या दिवशी जा, किंवा पडून गेल्याच्या दुसऱ्या सकाळी. सोबत विजेरी, छोटा आरसा, प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर, कापूस आणि मळला तरी चालेल असा सदरा. मालकाला आधीच सांगा, "इंजिन गरम करून ठेवू नका."

दार उघडल्याबरोबर वास घ्या. बुरशीचा वास असेल तर पाणी वरून येतंय. डिझेलचा असेल तर गळती आहे. अगरबत्तीसारखा सुगंधी वास येत असेल तर मालक काय झाकतोय ते शोधा. मग फळ्या उचलून सगळ्यात खालचा खळगा बघा, ज्याला बिल्ज म्हणतात. पाणी असेल आणि त्यावर तेलाचा तवंग नसेल तर हाताचं बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावा. खारट असेल तर समुद्र आत येतोय, म्हणजे दुखणं पाण्याखाली. गोडं असेल तर पाऊस किंवा टाकी. एका थेंबात अर्धं निदान होतं.

आता कील. सेंटॉरचं प्रसिद्ध दुखणं इथंच. कील बाहेरच्या बाजूला झुकलेले आहेत आणि बोट चिखलात बसते-उठते तेव्हा त्यांच्या मुळांवर आडवा जोर येतो. जुन्या बोटींत तळाचा तो भाग जितका हवा तितका मजबूत नव्हता, त्यामुळे मुळाशी भेगा पडतात. आतून प्रत्येक बोल्टभोवती विजेरी धरा: गंजाचे ओघळ, केसासारख्या भेगा, ओलं दिसणारं काही. बाहेरून कील आणि तळ यांच्या कोपऱ्यात हाताचं बोट फिरवा. पुष्कळ मालकांनी आतून फायबरग्लासच्या आडव्या फासळ्या बसवून हे कायमचं दुरुस्त करून घेतलं आहे. तशी बोट मिळाली आणि कामाची पावती असेल तर पाचशे पौंड जास्त द्यायला मागेपुढे पाहू नका.

तळावर फोड दिसले तर घाबरून पळू नका. पाणी वर्षानुवर्षं थराच्या आत मुरतं आणि आंबट वासाचा द्रव धरून फोड येतात, त्याला ऑस्मोसिस म्हणतात. बोट त्यानं बुडत नाही. पुरा उपचार म्हणजे वरचा थर सोलून, महिनोन्महिने वाळवून, इपॉक्सीनं पुन्हा लिंपणं. स्वस्त बोटीला हा खर्च परवडत नाही आणि बहुतेकदा गरजेचाही नसतो. फोडांचा उपयोग भाव पाडायला करा.

यानंतर सीकॉक, आणि इथं मला थांबून सांगायचं आहे. सिंक, संडास, इंजिनचं थंड पाणी यांच्यासाठी तळाला भोकं असतात. प्रत्येक भोकावर एक झडप, तोच सीकॉक. आमच्या पहिल्या बोटीत असे पाच होते. विक्रेता म्हणाला होता, सगळे नवे आहेत. नवे होते, पण साध्या पितळेचे. खाऱ्या पाण्यात साध्या पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतो तो सच्छिद्र तांब्याचा सांगाडा. दिसायला जसाच्या तसा, अंगात जोर शून्य. दुसऱ्या हिवाळ्यात बोट यार्डात ठोकळ्यांवर उभी असताना मी सिंकखालच्या झडपेची शेपटी, म्हणजे नळी चढवायचं टोक, सुरीनं खरवडली. पिवळ्याऐवजी आतून गुलाबी निघाली, मुलांच्या पेन्सिलीच्या खोडरबरासारखी. हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलकंसं टोकलं, आणि ती माझ्या मुठीत आली. बोट जमिनीवर होती म्हणून. तीन महिन्यांपूर्वी त्याच झडपेच्या भरवशावर आम्ही मुलीला आत झोपवून रात्री नांगर टाकून होतो.

म्हणून प्रत्येक सीकॉक शोधा. दांडा फिरतो का पाहा. मालकाची परवानगी घेऊन कोपरा खरवडा. पिवळा धातू बरा, गुलाबी वाईट. कांस्य किंवा जस्त न सोडणाऱ्या खास पितळेचे असतील तर पावती मागा. नळीवर आवळायच्या दोन-दोन पट्ट्या आणि शेजारी दोरीनं बांधलेली लाकडी गुडदी (झडप तुटली तर भोकात ठोकायला) असेल तर मालक जबाबदार आहे असं समजा, बाकीच्या बोटीबद्दलही त्यावरून अंदाज येतो.

वर डेकवर या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं वीतभर अंतरावर टोकत जा. नारळ निवडताना कान लावतो तसा लावा. खणखणीत आवाज चांगला. मध्येच भद्द आवाज आला तर दोन थरांमधलं लाकूड पाणी पिऊन सडलं आहे. खुंट्या, कठड्याचे पाय, डोलकाठीच्या तारा जिथं अडकवल्या आहेत त्या पट्ट्या, यांच्याभोवती जास्त टोका, कारण पाणी स्क्रूच्या भोकातून शिरतं. हातभर भागात भद्द वाजत असेल तर ती बोट सोडा.

गॅसकडे दुर्लक्ष नको. शेगडीचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली बिल्जमध्ये साठून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडरची पेटी बंदिस्त हवी आणि तिच्या तळातून बाहेर समुद्रात उघडणारी नळी हवी. खालच्या कपाटात नुसताच सिलिंडर ठेवलेला दिसला तर ती व्यवस्था पहिल्याच दिवशी बदलायची असं धरून चाला. गाद्या-पडदे बघण्यात वेळ घालवू नका.

सहावी पायरी: तारा आणि शिडं

डोलकाठी ज्या पोलादी तारांवर उभी असते त्या तारा बाहेरून चकचकीत असतात आणि तुटतात टोकापाशी, जिथं तार नळीत दाबून बसवलेली असते. कापसाचा बोळा तारेवरून खालपर्यंत फिरवा. जिथं अडकेल तिथं एक धागा तुटला आहे. एक धागा तुटला म्हणजे सगळ्या तारा बदलायच्या, एकच नव्हे, कारण सगळ्यांचं वय एकच असतं. विमा कंपन्याही साधारण दहा वर्षांनी तारा बदलायला सांगतात. कधी बदलल्या हे मालकाला पावतीसह विचारा. "माझ्या आधीच्या मालकानं बदलल्या असाव्यात" हे उत्तर म्हणजे बदललेल्या नाहीत.

शीड गवतावर पसरा आणि हातात चुरगळा. नव्या कापडाचा कागदासारखा आवाज येतो, जुनं मऊ धोतरासारखं लागतं. मऊ शीड फाटेलच असं नाही, पण पोट सुटतं आणि वाऱ्यावर चढत नाही. शिवण नखानं ओढून बघा. उन्हानं कापडाच्या आधी दोरा मरतो, आणि शिवण पुन्हा मारून घेणं स्वस्तात होतं.

सातवी पायरी: इंजिन

इंजिनवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर मालकानं तुमच्या आधी चालू करून ठेवलंय, आणि थंडीत ते एका झटक्यात सुरू होत नाही हे त्याला लपवायचंय. दुसऱ्या दिवशी परत या.

तेलाची काडी काढा. काळं तेल चालेल. दुधाळ असेल तर तेलात पाणी शिरलंय. चालू केल्यावर मागे जाऊन धूर बघा. सुरुवातीचा थोडा पांढरा चालेल. निळा टिकला तर तेल जळतंय. काळा टिकला तर इंजिनावर भार जास्त किंवा इंधन नीट जळत नाही. धुराबरोबर पाण्याच्या पिचकाऱ्या पडल्या पाहिजेत. त्या थांबल्या तर इंजिन ताबडतोब बंद. मग बोट धक्क्याला घट्ट बांधून गिअर टाका आणि वीस मिनिटं जोरात चालवा. पाच मिनिटांत कुठलंही इंजिन चांगलं वाटतं.

पुष्कळ सेंटॉरांत जुनं व्होल्वो पेंटा दोन सिलिंडरचं इंजिन सापडतं. दणकट आहे, पण थेट समुद्राच्या पाण्यानं थंड होतं, म्हणजे पन्नास वर्षं आतून गंजत आलं आहे, आणि सुटे भाग महाग. असं इंजिन असेल तर बोटीचा भाव ठरवताना इंजिनाची किंमत शून्य धरा. चाललं तर तुमचं नशीब. दुसऱ्या एखाद्या बोटीत बोट ढकलणारा पंखा थेट तळातून खाली उतरणाऱ्या पायावर, म्हणजे सेलड्राइव्हवर, असेल तर तिथल्या रबरी पडद्याचं वय विचारा. व्होल्वो पेंटा तो सात वर्षांनी बदलायला सांगते.

आठवी पायरी: तज्ज्ञ, बोली, चाचणी

इथवर बोट टिकली तर बोली लावा, पण लेखी आणि अटीसह: पाण्याबाहेर काढून केलेली तज्ज्ञाची पाहणी आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक झाली तरच व्यवहार, नाहीतर बयाणा परत. रॉयल यॉटिंग असोसिएशनचा नमुना करार आहे, तो वापरा. बयाण्याची रीत दहा टक्क्यांची.

पाहणी करणारा सर्व्हेयर तुम्हीच निवडा, विक्रेत्यानं सुचवलेला नको. साडेतीन हजारांच्या बोटीला तपासणीवर आणि क्रेनवर काही शे पौंड घालवणं जिवावर येतं, मला ठाऊक आहे. आम्ही तेच वाचवले होते. जुन्या बोटीच्या विम्याला तो अहवाल बहुधा लागतोच, आणि विम्याशिवाय बहुतेक मरिना जागा देत नाहीत. पाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, मागे मागे फिरा, विचारा. दुसऱ्या बोटीच्या पाहणीच्या चार तासांत मी दोन वर्षांचं शिकले. अहवालात पन्नास दोष लिहिलेले असतील, तेवढे असतातच. त्यातले 'पाण्यात उतरण्याआधी' करायचे कोणते, तेवढे वेगळे काढा, त्यांचा खर्च लिहा आणि तो आकडा घेऊन मालकाशी शांतपणे बोला. म्हातारा माणूस असतो, तीस वर्षं त्या बोटीवर जीव लावलेला असतो. तिची नालस्ती करून भाव पडत नाही. अहवालाचं पान समोर ठेवून पडतो.

समुद्रातल्या चाचणीत घरचे सगळे घ्या. दोन्ही कुशींवर बोट कलू द्या आणि कललेली असतानाच आत जाऊन बघा: खिडक्या ठिबकतात का, कपाटं उघडतात का. सुकाणूच्या दांड्याला ढिलाई किंवा थरथर आहे का. इंजिनवर मागे घ्या. आणि घरच्यांची तोंडं बघा. नवरा किंवा बायको आत पांढरीफटक होऊन बसली असेल तर ती गोष्ट कुठल्याही सीकॉकइतकीच गंभीर आहे.

नववी पायरी: कागद

विक्रीखतांची साखळी पहिल्या मालकापासून तुमच्यापर्यंत अखंड हवी. व्हॅट भरल्याचा पुरावा हवा. बोट जून १९९८ नंतर पहिल्यांदा वापरात आलेली असेल तर तिला युरोपीय किंवा ब्रिटिश निकषांचं प्रमाणपत्र लागतं. त्याआधी इथं वापरात असलेल्यांना नाही. एक घोळ नेहमी होतो. ब्रिटनच्या छोट्या जहाजांच्या नोंदवहीतलं नाव म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. ती नोंद कुणीही स्वतःच्या सांगण्यावर करू शकतो. मालकी आणि बोटीवरचं कर्ज यांची नोंद ब्रिटिश जहाज-नोंदणीच्या 'पार्ट वन' या वेगळ्या नोंदवहीत होते. बोट ज्या यार्डात उभी आहे तिथल्या कचेरीत जाऊन थकबाकी आहे का तेही विचारा. पैसे थकले असतील तर यार्ड बोट हलू देत नाही, मग मालक कुणीही असो.

कोकणात नेता येईल का?

हा प्रश्न मला प्रत्येक मराठी माणूस विचारतो, मावसभावानंही विचारला. सेंटॉरची रुंदी अडीच मीटरच्या थोडी वर, आणि मालवाहू कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर. बसत नाही. उघड्या जहाजावरून न्यायची तर भाड्यात तिकडे दुसरी बोट येईल, वर सीमाशुल्क. शिवाय आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र बंद. यांत्रिक होड्यांची मासेमारीच कायद्यानं १ जून ते ३१ जुलै थांबते. अशा बोटीला तेवढे महिने किनाऱ्यावर ओढून ठेवावं लागेल, आणि क्रेन, यार्ड, शिडं शिवणारा कारागीर या सोयी इथल्यासारख्या गावोगाव नाहीत. आपल्याकडे बोटी बांधता येत नाहीत असं मात्र मुळीच नाही. दिलीप दोंदे ज्या 'म्हादेई'तून २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती गोव्यातच बांधली गेली. कोकणात फिरायचं मनात असेल तर तिकडची बोट तिकडे शोधा, इथली इथे वापरा.

घेतल्यावरचा पहिला आठवडा

रंगाचा डबा आणू नका. बॅटरी, पडदे, बोटीचं नाव रंगवणं, सगळं थांबेल. आधी सीकॉक, त्यांच्या नळ्या आणि पट्ट्या. मग बिल्जचा पंप, हातानं चालणारा एक आणि विजेवरचा एक. मग इंजिनचं तेल, इंधनाची गाळणी आणि पाणी खेचणारं रबरी चाक. मग नांगराची साखळी पूर्ण बाहेर काढून तिचं शेवटचं टोक बोटीला खरंच बांधलेलं आहे का ते पाहा. दोन जुन्या बोटींत मी ते सुटं पाहिलं आहे.

मावसभावानं ती साडेतीन हजारांची बोट सोडली. कीलच्या मुळाशी भेग होती. त्यानं चिचेस्टरच्या खाडीत कोरड्या जागेसाठी नाव नोंदवलंय, आणि येत्या मे महिन्यात तो आणि त्याची बायको पाच दिवसांच्या वर्गाला जाताहेत.